साहेबांना विचारा

गाजराच्या पाल्याची एकच काडी, सकाळी ठेवली होती तशीच, टोकाला सुकून वळलेली... आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर ससा बसलेला, कान पाठीला चिकटवून, पोट जमिनीला दाबून. ट्रेमध्ये एकही लेंडी नाही. लाँड्रीतून जेवणाच्या सुट्टीत धावत घरी आलेली ती चप्पल न काढताच खाली बसली. बोटांत अजून इस्त्रीची ऊब होती. त्याच बोटांनी तिनं त्याचं पोट चाचपलं. घट्ट, फुगलेलं.

सशानं खाणं सोडलं की त्याचं पोट थांबतं, आणि मग फार वेळ नसतो, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या होत्या. औषध द्या, सिरिंजनं पातळ खाणं भरवत राहा, पण आशा फार ठेवू नका. आशा काय, ठेवू म्हटलं की ठेवता येते? तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. तिची मुलगी नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातातल्या टोपलीत हा करडा ससा. आणि मी दारातच म्हणाले, जरा निभावून घ्यायचं होतंस... एवढंच. बोलून गेले. त्यानंतर मुलगी तिच्याशी बोललीच नाही. भांडली नाही, रडली नाही. जेवायची, आपलं ताट धुवायची, आत जायची. शेवटी एका संध्याकाळी ती शांतता अंगावर यायला लागली तेव्हा तिनं सशालाच विचारलं, ‘साहेब, विचारा जरा, चहा टाकू का?’ मग आतून आवाज आला, ‘साहेब, सांगा, अर्धा कप.’

तेव्हापासून या घरातलं सगळं बोलणं साहेबाच्या कानांवरून गेलं. दूध संपलंय, डोकं दुखतंय, वकिलांचा फोन आला होता... एकदा त्यानं चार्जरची वायर कुरतडली तेव्हा दोघी हसल्यासुद्धा, एकमेकींकडे न बघता, त्याच्याकडे बघून. आणि आता हाच गेला तर? तर मी कुणाला विचारू, कुणाच्या नावानं हाक मारू...

तिनं त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, सिरिंज गालाच्या कडेनं आत सरकवली. हिरवं पाणी हनुवटीवरून ओघळलं. गिळा हो साहेब. एक घोट. तिनं पुन्हा दाबलं. त्यानं मान फिरवली, तिनं ती धरून सरळ केली, पुन्हा दाबलं. आणि टॉवेलातून एक बारीक करकर ऐकू आली. तो दातांवर दात घासत होता.

दार उघडलं.

‘आई, थांब,’ मुलगी म्हणाली. ‘दुखतंय त्याला.’

आई. मध्ये कुणी नाही, सरळ तिलाच. तिच्या छातीत काहीतरी उसळून वर आलं... आनंदच तो, दुसरं नाव देता येईना... आणि मांडीवर हा एवढासा जीव कळवळत होता. तिला स्वतःचीच भीती वाटली. मुलगी शेजारी टेकली, सशाच्या कपाळावरून एक बोट फिरवत राहिली. थांबली होती. आता उत्तर द्यायला हवं होतं, तिच्याकडे बघून. तोंडाशी आलं ते ‘साहेब’... ते तिनं गिळलं, आणि त्याच्या मागे आत कुठे एखादा शब्द उरलाय का, ते चाचपडत राहिली.