फळाला शपथ लागत नाही

मार्गशीर्षातली हिमशीतल, हेमवर्णी दुपार. पाचगणीच्या पठारावरून ऊन उतरत होतं. संथ, सोनेरी, सावल्यांना कवेत घेत उतरत होतं. सिल्व्हर ओकच्या रजतपर्णी रांगांतून ते कुमुदिनीबाईंच्या स्वयंपाकघरात आलं आणि ओट्यावरच्या मैद्यावर अलगद पसरलं. बाईंचं मात्र उन्हाकडे लक्ष नव्हतं. त्यांचे कान फाटकाकडे लागले होते.

आज ऋता येणार होती. साताऱ्याच्या कामावरून परतताना, घटकाभरच.

चार वर्षांपूर्वी जेवता जेवता तिनं आपलं लग्न ठरवल्याचं सांगितलं, आणि बाईंनी लेकीच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. भरलं ताट. घास हातात असताना. ऋता उठली, हात धुतला, एवढंच म्हणाली, "यापुढे या घरातलं अन्न मी खाणार नाही." नंतर फोन आले, सणावारी नमस्कार आले, ऋता काही आली नाही.

शब्दाची पक्की, हट्टाची पुरी. आईवरच गेलेली, दुसरं काय!

म्हणून बाईंनी पळवाट शोधली होती. उपासाला फळ चालतं, रुसल्या पाहुण्याला चहा चालतो; फळाला नि चहाला कुणी जेवण म्हणत नाही. मग फळं घालून, हिरव्या चहाची पूड घालून केलेल्या स्कोनला तरी कोण म्हणेल? केकहून कोरडा, पावाहून खुसखुशीत असा तो साहेबी प्रकार. परक्या मुलखाचा, परक्या चवीचा, या घरचा नव्हेच. मैदा म्हणजे अन्नच, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच! पण बुडत्याला काडीचा आधार.

गार लोणी मैद्यात चोळलं, चोळलं, रव्यासारखं होईतो चोळलं. शेवाळवर्णी, तृणगंधी पूड भुरभुरली. कृष्णजांभळी तुती टाकली, वाळल्या स्ट्रॉबेरीचे माणिकतुकडे टाकले. दूध ओतलं, आणि इथंच घात झाला.

स्कोनचं पीठ मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं असतं. पण जन्मभर कणीक मळलेले ते हात! ते थांबेनात. येईल का, खाईल का. येईल का, खाईल का. त्या एकाच भयतालावर ते मळत राहिले, तिंबत राहिले. गोळा तुकतुकीत झाला तेव्हा बाई भानावर आल्या, आणि त्यांना रडूच कोसळलं. पुन्हा करायला लोणी उरलं नव्हतं.

ओव्हनच्या ताम्रमंद उजेडात हिरवे गोळे बसले, फुगेनात, फुलेनात. बाई काचेशी वाकून पाहत होत्या, मनातल्या मनात त्यांची विनवणी करत होत्या. तेवढ्यात फाटक वाजलं.

ऋता आली. जरा वाळलेली, जरा परकी, चपला काढाव्यात की नाही या विचारात उंबऱ्याशी घुटमळलेली. बाईंनी बशी पुढे केली. त्यात नुकतेच ओव्हनमधून काढलेले स्कोन होते.

"चहाचंच आहे गं. आणि फळं. अन्न असं नाहीच त्यात काही."

ऋतानं बशीकडे पाहिलं. आईच्या हिरव्या नखांकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग एक स्कोन उचलला, मोडू गेली; मोडेना. दातांनी तोडला, चावला, चावत राहिली. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"आई, कडू झालाय. आणि दगड झालाय."

"हो गं."

"मला भूक लागलीय. भात टाक ना."

बाईंना क्षणभर ऐकल्याचं खरंच वाटेना. घरात शिजवलेलं काही म्हणजे काही नव्हतं. भीतीपोटी त्यांनी शीतही शिजवलं नव्हतं.

"शिजायला वेळ लागेल गं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"लागू दे."

बाईंनी तांदूळ घेतले; किती घेतले, त्यांचं त्यांना कळलं नाही. धुताना हातांवरची हिरवी पूड पाण्यात उतरली, पाणी गढुळलं, पुन्हा निवळलं. नील ज्योतीवर पातेलं चढलं. झाकण हललं, थबकलं, पुन्हा हललं. आणि त्या शुभ्र, सुगंधी, संथ वाफेत मायलेकी उभ्या राहिल्या, भात शिजेपर्यंत.