बेडकांचा कौल

दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, कोइतेरे तळ्याकाठी यंदाचा उन्हाळा कसा जाणार ते रेडिओवाले सांगत, पण गाव विचारायचं इरोला. मे महिन्यात बर्फ वितळलं की ती रानातल्या डबक्यावर जाऊन बेडकांची अंडी कुठे पडलीत ते पाहून यायची. काठाशी पडली तर उन्हाळा ओला, मधोमध पडली तर कोरडा. पाणी आटणार असेल तर बेडकी पिलांना काठाला कशाला ठेवील? हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि सत्तरीच्या इरोचा शब्द क्वचितच खोटा ठरला होता.

यंदा ती "ओला" म्हणाली. जिल्ह्याच्या पेपरात तिचा फोटोही आला.

आता जुलै अर्धा सरला होता. पावसाचा थेंब नव्हता. दुपारी तळ्यावर हिरवट साय धरायची, आणि रानात पाऊल टाकलं की शेवाळ पापडासारखं मोडायचं.

त्या सकाळी इरोनं रोजच्यासारखा कॉफीच्या आधी संतांच्या चित्रापुढे दिवा लावला आणि इल्या प्रेषिताकडे पाऊस मागितला. मेघगर्जना त्याच्या रथाची, पाऊस त्याच्या हातचा. त्याचा सण परवावर आला होता. टेकाडावरच्या लाकडी प्रार्थनाघरात सगळं गाव जमणार होतं.

कॉफीला तिचा भाचा मिट्रेई आला. भावाचा मुलगा, पण तिनंच वाढवलेला.

"काय गं आत्या, तुझे बेडूक काय म्हणतात? छत्री घेऊन फिरू ना?"

"थट्टा पुरे. भाकरी खा."

"खातो. पण परवा माणसं येतील, तो फांद्यांचा ढीग आडवा येणार. मे महिन्यातच जाळून टाकणार होतो मी. खड्ड्याखड्ड्यात बर्फ होतं तेव्हा. तूच म्हणालीस, थांब."

खरंच होतं ते. शरदातल्या वादळात प्रार्थनाघरामागची अकरा झाडं आडवी झाली. खोडं नेली, फांद्यांचा ढीग भिंतीपासून दहा पावलांवर उरला. तीच म्हणाली होती, "देवाचं घर इतकं जवळ, घाई कशाला? जूनचा पाऊस पडू दे, जमीन भिजली की निवांत जाळ."

न्याहारी झाल्यावर ती प्रार्थनाघराची जमीन पुसायला टेकाडावर चढली. तिथल्या विहिरीत सोडलेली बादली कोरड्या तळावर खडखडली. तशीच ती उतारावरून डबक्याकडे गेली.

डबकं नव्हतंच. भेगाळलेला चिखल होता, आणि त्याच्या मध्यावर एक सपाट धोंडा.

इरो जागच्या जागी थबकली. लहानपणी तिचे भाऊ पैज लावून याच धोंड्यापर्यंत पोहत जात. दरवर्षी ती काठच्या झाडांपाशी गुडघाभर गार पाण्यात उभी राहून अंडी शोधायची. यंदा मे महिन्यात मात्र ती कोरड्या पायांनी थेट धोंड्यावर जाऊन उभी राहिली होती. अंडी तिथेच होती, पाण्याच्या कडेला. गार पाण्यात उतरून गुडघे दुखवावे लागले नाहीत म्हणून तिनं देवाचे आभारही मानले होते! हिवाळ्यात बर्फ कमी पडलेलं. पाणी तेव्हाच आत सरकलं होतं. बेडकांनी अंडी मधोमधच घातली होती. त्यांचा कौल खरा होता. तो वाचणारी चुकली होती.

ती टेकाडावर परतली आणि ढिगाजवळची माती उकरू लागली. कोपरापर्यंत हात गेला, ओल लागली नाही. हाताला कॉफीच्या भुकटीसारखा भुगा आला.

मिट्रेई शिडी घेऊन वर येत होता.

"मी चुकले रे," ती म्हणाली, आणि धोंड्याचं सगळं सांगितलं.

त्यानं हसायला तोंड उघडलं, पण तिचा काळा हात पाहून मिटलं. "म्हणजे हे अजून चालायचं?"

"ऑगस्ट संपेपर्यंत."

"बरं. परवा गावाला सांगू, मेणबत्त्या नकोत, काडीसुद्धा नको. मग सगळे मिळून फांद्या हलवू."

"परवा नाही. आत्ता."

"आत्या, पंधरा-वीस गाड्या भरतील इतक्या आहेत! आपण दोघं?"

इरोनं डोक्याचा रुमाल घट्ट बांधला, एक फांदी धरली आणि उताराकडे, तळ्याच्या दिशेनं ओढू लागली. वाळलेली, सुईसारखी तांबूस पानं झडत गेली. मिट्रेईनं शिडी टाकली. "जाऊ दे. तू मोठ्या फांद्यांना हात लावू नकोस," म्हणत तो दोन-दोन फांद्या ओढू लागला.

दुपारपर्यंत ढीग चौथाईनंही उतरला नव्हता. वारा पडला. पाखरं एकाएकी गप्प झाली. मग तळ्याच्या पलीकडे, पावसाच्या ढगाचं नाव नसलेल्या पिवळट आभाळात, काहीतरी गडगडलं.

मिट्रेईनं वर पाहिलं. "पाऊस?"

इरोनं नाक वर करून वास घेतला. ओलीचा वास नव्हता. धुळीचा होता, आणि राळेचा.

चाळीस दिवस तिनं रोज इल्याला बोलावलं होतं. तो येत होता, पण पावसाविना, रिकाम्या हातानं, नुसती वीज घेऊन; आणि ढिगाला एक ठिणगी पुरे होती. काळ्या बोटांनी तिनं छातीवर क्रूस काढला आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "बाबा, यंदा आमच्यावरून नको जाऊस. दुसऱ्या वाटेनं जा."

दुसरा गडगडाट अलीकडच्या काठावर झाला.

"ओढ," ती म्हणाली. "थांबू नकोस, ओढ."