कौलातलं क्वांटम

शाल खांद्यावर पडायच्या आत शिवकांताबाईंनी हात आडवा केला. "थांबा अण्णा. आधी मला बोलायचंय."

खंडोबाच्या सभामंडपात निम्मं बेंबळी गाव जमलं होतं. आठवड्यापूर्वी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाईंनी नववीला क्वांटम संगणक समजावला होता. साधा संगणक एका वेळी हो किंवा नाही, एवढंच धरतो. क्वांटमवाल्यात दोन्ही एकदम नांदतात. पोरं ढिम्म. मग बाईंना कौल सुचला. देवाच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पडेपर्यंत दोन्ही! पोरांचे डोळे लकाकले आणि गोष्ट गावभर झाली. देवस्थानचे अध्यक्ष धोंडीबा अण्णा तर हरखूनच गेले. "आमच्या खंडोबापाशी हे पहिल्यापास्नं हाय," म्हणत त्यांनी सत्कार ठरवला, वर शाळेला नवे संगणक कबूल केले. शाळेत होता एकच, आणि तोही कायम रुसलेला.

पण दुसऱ्याच दिवशी वर्गातली दीपमाला उठली होती. "बाई, कुठली पाकळी आधी सुटणार ते तिच्या ओलीवरच ठरलेलं असतंय की. आपल्याला कळत न्हाय, एवढंच."

पोरगी खरं बोलत होती.

"कौलाचा दाखला माझा चुकला," बाई आता माईकवर म्हणाल्या. "कौल देवाला आधीच ठाऊक असतो, आपल्यालाच नसतो. क्वांटममध्ये आधी काही ठरलेलंच नसतं."

अण्णांचा चेहरा उतरला. "असू द्या की चूक! हितं कोण तपासाय येतंय? कंप्युटर येतेत शाळंला."

"पोरं तपासतील, अण्णा. मोठी झाल्यावर."

मुख्याध्यापक अमरसिंह सरांनी कपाळाला हात लावला. शालीची घडी परत ताटात गेली आणि संगणकांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बाईंना फार वाईट वाटलं. घरी जाऊन त्या जेवल्याही नाहीत. पण शिकवायचं ते नीटच शिकवायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

सकाळी त्यांनी नववीला शाळेच्या हौदाशी नेलं. पदर खोचून दोन्ही हातांचं एकेक बोट पाण्यात बुडवलं आणि एका तालात हलवलं.

"बघा, दोन लाटा. कुठं एकमेकींना जोर देतात, कुठं एकमेकींना मोडतात. क्वांटम संगणकात गणित असं मांडायचं, की चुकीची उत्तरं एकमेकांना मोडतील आणि बरोबर उत्तराला जोर येईल. पाकळ्यांना हे जमत नाही. हा दाखलाही पुरा नाही, पण खोटा नाही."

दीपमाला हौदावर वाकली. "बाई, हितं दोन्हीबी लाटा येतेत, तरी पाणी गप हाय!"

"व्हय," बाई म्हणाल्या. घरची बोली वर्गात आली, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तास संपल्याची घंटा झाली. मागची पोरं अजून पुढं यायची होती. बाईंची बोटं पाण्यात हलत राहिली.