चौऱ्याण्णव पायऱ्या

"गुडघे कसे आहेत?" आंगुस्तियासने फोनवर विचारलं.

पलीकडच्या माणसाने फक्त नाव आणि तारीख सांगितली होती. गुडघ्यांचा विषय त्याने काढलाच नव्हता. तो गडबडला आणि ठीक आहेत म्हणाला. मग तिने बॅगांची चौकशी केली. दोन होत्या, मोठ्या, चाकांच्या.

"आमच्याकडे चाकं चालत नाहीत," ती म्हणाली. "खाली नदीकाठी राहा, लिफ्टवाली हॉटेलं आहेत. संध्याकाळी हात हलवत वर या, किल्ला बघा आणि उतरून झोपा."

आणि तिने फोन ठेवून दिला.

ग्रानादाची माणसं फटकळ म्हणून साऱ्या स्पेनमध्ये ओळखली जातात, आणि आंगुस्तियासने गावाचं हे नाव कधी खाली पडू दिलं नव्हतं. आल्बायसीन या जुन्या वस्तीच्या टेकडीवर, अगदी वरच्या अंगाला तिचं घर होतं. पाहुण्यांसाठी तीन खोल्या, आणि तिन्ही खिडक्यांत समोरच्या डोंगरावरचा आल्हांब्रा किल्ला, हाक मारली तर ओ देईल इतका जवळ. पण छोटी लाल बस जिथे सोडते तिथून तिच्या दारापर्यंत चौऱ्याण्णव पायऱ्या होत्या, गुळगुळीत गोट्यांच्या. एकदा वायादोलिदहून आलेले एक निवृत्त मास्तर धापा टाकत वर पोचले आणि तीन दिवस खाली उतरलेच नाहीत. सगळं ग्रानादा त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि घरी गेले. तेव्हापासून आंगुस्तियास आधी गुडघे विचारायची.

"दुकान मांडून गिऱ्हाईक हाकलणारी तू एकटीच असशील, आई," तिची मुलगी निएवेस म्हणायची.

निएवेसला खरी काळजी पाहुण्यांच्या गुडघ्यांची नव्हती. आंगुस्तियास एकोणसत्तरची झाली होती आणि हिवाळ्यापासून पाव एक दिवसाआड आणू लागली होती. शिळ्या पावाचं सूप चांगलं होतं, हे तिचं कारण. निएवेसने शहराच्या सपाट भागात, स्वतःच्या घराजवळ, लिफ्ट असलेला एक फ्लॅट पाहून ठेवला होता. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आंगुस्तियासने एकदाच काय ते सांगून टाकलं होतं की ज्या दिवशी पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागेल, त्या दिवशी मी खाली येईन.

अजून ती थांबली नव्हती. दुसऱ्या वळणावर एक अंजिराचं झाड होतं, तिथे हल्ली ती जरा उभी राहून झाडाकडे बघायची. झाडाकडे बघणं म्हणजे थांबणं नव्हे.

फेब्रुवारीच्या मध्याला बार्सेलोनाजवळच्या एका गावातून माँत्से नावाच्या बाईचा फोन आला. तिची आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मूळची आल्बायसीनचीच. साठाहून अधिक वर्षांनी गावी यायचं म्हणत होती, आणि राहीन तर वर राहीन हा हट्ट धरून बसली होती. माँत्सेने खालचं हॉटेल ठरवलंही होतं. आता तुम्हीच तिला नाही म्हणा, म्हणजे ती ऐकेल, असं तिचं म्हणणं होतं.

असलं काम तर आंगुस्तियासच्या हातचा मळ. आईला फोन द्या, म्हणाली.

"आजी, दारापर्यंत चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत."

"त्र्याण्णव," पलीकडून आवाज आला.

आंगुस्तियासच्या दारासमोरची शेवटची पायरी पाण्याचे नळ घालताना बांधली होती. आंगुस्तियास त्या वेळी शाळेत जायची. त्या पायरीच्या आधी त्र्याण्णवच होत्या.

"तू कुणाची गं?" म्हातारीने विचारलं.

"फ्रास्कितो कल्हईवाल्याची."

"म्हणजे माझ्या बापाच्या घागरीत चेरीच्या बिया टाकणारी तू."

चेरीच्या नव्हत्या, ऑलिव्हच्या बिया होत्या. पण गुन्हा खरा होता. ही रेमेदियोस होती, हौदावरून घरोघर पाणी पोचवणाऱ्याची मुलगी. तिचा बाप दिवसातून वीस वेळा या पायऱ्या चढायचा. ती कामासाठी उत्तरेला गेली तेव्हा आंगुस्तियास सहा वर्षांची होती.

आयुष्यात पहिल्यांदा आंगुस्तियासच्या तोंडून 'नाही' निघेना. "या," ती म्हणाली. मग माँत्सेची बोलणी तिने मुकाट्याने ऐकून घेतली.

फोन ठेवल्यावर मात्र तिला प्रश्न पडला. चौऱ्याऐंशीची बाई वर कशी आणायची? उपाय एकच होता आणि तो तिला नको होता.

गल्लीची एक खुर्ची होती. लव्हाळ्याने विणलेली, दोन्ही बाजूंना खांद्यावर घ्यायला लाकडी दांडे. ती एउसेबियोच्या गुत्त्यात भिंतीला टांगलेली असायची. पूर्वी तिच्यावरून बाळंतिणी वर यायच्या. आता गल्लीत बाळंतिणी राहिल्या नव्हत्या, त्यामुळे अलीकडे खुर्ची माणसं घेऊन फक्त खाली जायची. पाच वर्षांपूर्वी आंगुस्तियासचा नवरा ब्लास तिच्यावर बसून खाली गेला, आणि दवाखान्यातून परत आला नाही. तेव्हापासून गुत्त्यात गेली की ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

तरी ती गेली. एउसेबियो साठीचा, आडव्या अंगाचा गडी. पवित्र सप्ताहात देवमातेची पालखी खांद्यावर घेणाऱ्यांतला. तो म्हणाला, देवमाता नेतो ती दागिन्यांसकट, ही तर नुसती म्हातारी आहे.

शनिवारी सकाळी अकराला लाल बस थांबली. रेमेदियोस उतरली. चिमणीएवढी बाई, पायात नवे बूट, ओठांना रंग. तिने पायऱ्यांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"कोण आजारी आहे?" तिने विचारलं.

"तुमच्यासाठीच आणलीय, आजी," एउसेबियो म्हणाला.

"मी इथून पायी गेले होते. पायीच येईन."

माँत्सेने कपाळाला हात लावला. एउसेबियोने आंगुस्तियासकडे पाहिलं. आंगुस्तियासने त्याला दांडे काढायला सांगितले. दांडे निघाल्यावर उरली ती साधी खुर्ची. एउसेबियो ती घेऊन दहा पायऱ्या पुढे गेला आणि त्याने ती तिथे मांडली. रेमेदियोस चढली, बसली, दम खाल्ला. खुर्ची आणखी दहा पायऱ्या वर गेली.

गल्लीला शनिवारी दुसरं कामही नव्हतं. कुणी पाणी आणलं, कुणी ऑलिव्हच्या तेलात बुडवलेला पाव. प्रत्येक थांब्याला रेमेदियोस एकेका दाराकडे बोट दाखवून तिथे कोण राहायचं आणि कुणाशी भांडायचं ते सांगत होती. जे तिथे आता राहत होते तेही मन लावून ऐकत होते. माँत्सेचा राग तिसऱ्या थांब्याला उतरला. तीही पायरीवर बसून पाव खाऊ लागली.

अंजिराच्या वळणावर रेमेदियोस जरा जास्त वेळ बसली. आंगुस्तियास शेजारी उभी होती, भिंतीला हात टेकून. मग रेमेदियोस उठली आणि खुर्चीकडे हात करून म्हणाली, "आता तू बस."

"मला काय झालंय?"

"मघापासून त्या अंजिराकडे बघतेयस. त्याला अजून एक पान नाही. काय बघतेस एवढं?"

एउसेबियो बुटाच्या नाड्या बांधू लागला. आंगुस्तियास खुर्चीपाशी गेली. बैठकीच्या बाजूच्या पट्टीवर वर्षानुवर्षांच्या हातांनी लाकूड काळं पडलं होतं. तिने तिथे हात ठेवला. ब्लासनेही जाताना इथेच घट्ट धरलं असणार. मग ती बसली. लव्हाळं करकरलं. गुडघ्यांतून एक कळ आली आणि हळूहळू निघून गेली. तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं, हिवाळ्यापासून एवढं बरं वाटलं नव्हतं.

"माझा बाप इथंच बसायचा," रेमेदियोस भिंतीला टेकून म्हणाली. "घागर खाली ठेवून. रोज वीस वेळा."

वर पोचायला सव्वा तास लागला. दारापाशी रेमेदियोस त्र्याण्णवाव्या पायरीवर थांबली, पुढची पायरी तिने नव्या बुटाच्या टोकाने चाचपली आणि ही आपली नव्हे असं म्हणून तिच्यावरही चढली. खोलीत गेल्यावर तिने खिडकी उघडली आणि समोर बघत जेवणापर्यंत तिथेच बसली.

मायलेकी दोन दिवस राहिल्या. त्या गेल्यावर निएवेस फ्लॅटचं विचारायला आली. आंगुस्तियासने तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकायला सांगितलं.

"पण तूच म्हणाली होतीस, मध्ये थांबावं लागलं तर खाली येईन म्हणून."

"थांबले की," आंगुस्तियास म्हणाली. "आणि वर आले."

जाताना दुसऱ्या वळणावर निएवेसचं खुर्चीकडे लक्ष गेलं, भिंतीला लावून ठेवलेली. दांडे तेवढे गुत्त्यात परत गेले होते. ती घटकाभर तिच्यावर बसली आणि मग उतरून गेली.

मार्चमध्ये अंजिराला कोंब फुटले. आंगुस्तियास पुन्हा रोज ताजा पाव आणू लागली. एका दुपारी फोन वाजला. कुणी एक बाई विचारत होती की नवरा पंचाहत्तरचा आहे, वर राहावं की खाली.

"गुडघे कसे आहेत?"

बाईने खरं ते सांगितलं.

"चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत," आंगुस्तियास म्हणाली. "मध्ये एक खुर्ची आहे."