चिन्ह झालेली शिडी

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता रंगारीकाकांच्या कोठीचे कुलूप निघाले. एक वस्तू बाहेर काढण्यात आली, मतदान केंद्रासमोरच्या रस्त्याने नेण्यात आली आणि एका घराच्या भिंतीला टेकवण्यात आली. तक्रारीत एवढेच लिहिले आहे. मित्रांनो, तक्रारीत जिला 'सदर वस्तू' म्हटले आहे ती मी, एक जुनी लाकडी शिडी.

माझा जन्म सुताराच्या अंगणात झाला. माझे दोन्ही दांडे एकाच ओंडक्यातून निघाले आणि पायऱ्या खाचा पाडून बसवल्या गेल्या. रंगारीकाका मला विकत घ्यायला आले तेव्हा त्यांनी विकणाऱ्यालाच वर चढवले आणि प्रत्येक पायरीवर उड्या मारायला लावल्या. सुतार धापा टाकत खाली उतरला, तेव्हा कुठे काकांनी खिशात हात घातला.

काका घरे रंगवायचे. दिवसभर मी त्यांच्याबरोबर असे आणि संध्याकाळी घराच्या बोळात आडवी टांगलेली असे. पण मी एकट्या काकांची कधीच नव्हते. आमच्या भागात धड शिडी एकच. कोणाची पन्हळ तुंबली, कोणाचा चेंडू गच्चीवर गेला, की माझी आठवण व्हायची. मला नेताना बोळातल्या खुंटीला आपली एक वस्तू अडकवून जायची, अशी रीत पडली होती. खुंटीवर पांढरी टोपी दिसली की समजावे, शिडी बेकरीत धुराडे साफ करायला गेली आहे. निळी छत्री दिसली की निवृत्त नर्सबाईंकडे. मागून येणारा ती वस्तू पाही आणि सरळ त्या घरी जाऊन मला घेऊन येई. काकांना विचारायची गरजच पडत नसे.

मग एकदा उताराच्या रस्त्यावरचे दिवे गेले. नगरपालिकेत विचारायला गेले की दिव्यांची गाडी बिघडली आहे, असे उत्तर मिळे. गाडी बिघडलेलीच राहिली. शेवटी बेकरीवाल्यांचा जावई, जो वायरमन होता, म्हणाला की शिडी आणा, मी चढतो. त्या संध्याकाळी अर्धा रस्ता माझ्या पायाशी जमला. दोघांनी मला धरले आणि बाकीच्यांनी सल्ले दिले. दिवा लागल्यावरही कोणी घरी जाईना. गटाराचे काय, वाचनालयाच्या गळक्या छपराचे काय, असे बोलणे निघत गेले. पुढच्या रविवारी माणसे ठरवून जमली. मित्रांनो, आमच्या गावच्या 'रहिवासी आघाडी'ची पहिली सभा अशी खांबाखाली, उभ्याउभ्या झाली.

काही महिन्यांत गटारे वाहू लागली, वाचनालयाचे छप्पर दुरुस्त झाले. माझे तर फार कौतुक झाले. आणि मग नगरपालिकेची नोटीस आली की सार्वजनिक खांबांना आणि इमारतींना कोणीही परस्पर हात लावू नये. नगरसेवक भाऊ स्वतः येऊन समजावून गेले. भाऊ माणूस गोड होता. तोंडावर कोणाला नाही म्हणत नसे आणि पाठीमागे कोणाचे काम करत नसे.

"मग आता आतच जाऊन बसलं पाहिजे," बेकरीवाले म्हणाले.

उमेदवार कोण, यावर बराच खल झाला. ज्याला त्याला वाटे की दुसऱ्याने उभे राहावे. तेव्हा वायरमन जावयाने एक गोष्ट सांगितली. तो वर चढण्याआधी नेहमी खाली पाहायचा, आणि काकांच्या सूनबाईंनी शिडी धरली असेल तरच दुसऱ्या पायरीवर पाय टाकायचा. बाकीचे धरणारे बोलता बोलता हात सोडत. सूनबाई शिवणकाम करायच्या, टाके घालावेत तशा मोजून बोलायच्या. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. फक्त विचारले, "दुकान कोण बघेल?" सासूबाई म्हणाल्या, "मी बघते. तू गाव बघ."

चिन्ह मात्र एका आवाजात ठरले. शिडी. बेकरीवाले म्हणाले, "प्रचाराची गरजच नाही. आपलं चिन्ह घरोघर आधीच पोचलंय." सगळे खूप हसले. तिथेच आमची चूक झाली. मी घरोघर पोचले होते हेच नेमके अडचणीचे ठरले.

भाऊंच्या माणसाने तक्रार केली की या लोकांचे चिन्ह रोज रस्त्यावरून फिरते आहे आणि मतदारांना फुकट वापरायला दिले जाते आहे. निवडणूक अधिकारी बाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी काकांना बोलावून नियम वाचून दाखवले. मतदान संपेपर्यंत शिडी कोणाला द्यायची नाही आणि मतदानाच्या दिवशी ती केंद्राजवळ दिसली तर उमेदवारीच धोक्यात येईल. केंद्र आमच्या समोरच्या शाळेत होते. काकांनी त्याच दिवशी मला कोठीत ठेवून कुलूप लावले आणि कामासाठी दुसऱ्या गावाहून एक अ‍ॅल्युमिनियमची शिडी भाड्याने आणली. ती चालताना ठणठण वाजायची. मला तिचा राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

अंधारात पडून मी भिंतीपलीकडचे ऐकत असे. सूनबाई घरोघर फिरून रात्री थकून येत. नर्सबाईंनी तर त्यांना दारातच सांगितले होते, "भाऊंनी माझं पेन्शन लावून दिलंय. माझं मत त्यांनाच. चहा घे आणि जा." सूनबाई चहा पिऊन आल्या होत्या.

मतदानाच्या सकाळी त्याच नर्सबाई पडल्या. शाळेसमोरच्या घरात, वरच्या मजल्यावर. दाराला आतून जाड अडसर होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून करपल्याचा काळा धूर येत होता. खाली रांगेत उभ्या असलेल्या लोकांना त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. दोघातिघांनी दाराला खांदे लावले, दार हलले नाही. अग्निशामक गाडी निघाली होती, पण गावाच्या दुसऱ्या टोकाहून. भाड्याची शिडी आदल्याच दिवशी परत गेली होती.

सूनबाई धावत घरी आल्या. काका कोठीच्या दारात किल्ली घेऊन उभे होते. सगळ्यांची वर्षभराची मेहनत त्या कुलपाआड होती आणि काकांना ते कळत होते.

"सूनबाई, ही बाहेर निघाली की तू निवडून आलीस तरी आत बसू देणार नाहीत."

"बाबा, किल्ली द्या."

बेकरीवाल्यांनी तेवढ्यात कुठूनशी चादर आणली. म्हणाले, हिला गुंडाळून नेऊ, म्हणजे चिन्ह दिसणार नाही. सूनबाईंनी चादर बाजूला केली.

"चढताना पायात येईल. तशीच न्या."

मला तशीच नेले. रांगेतली माणसे बाजूला झाली. वायरमन जावई चढला. एका बाजूने मला सूनबाईंनी धरले. दुसरी बाजू कोणी धरली ते मी नंतर पाहिले. तो भाऊंचा माणूस होता, तक्रार करणाराच. वर शेगडी बंद झाली, दार आतून उघडले, आणि नर्सबाईंना खुर्चीत बसवून खाली आणले. त्यांचा पाय मोडला होता, आवाज शाबूत होता.

"मत मात्र मी माझ्या मनानंच देणार होते," त्या सूनबाईंना म्हणाल्या.

"माहीत आहे हो, मावशी. आधी पायाचं बघू."

अधिकारी बाईंनी सगळे पाहिले होते. त्यांनी कोणाला रागावले नाही आणि घडले तसे लिहून घेतले. संध्याकाळी तक्रार आली. मला धरणाऱ्या माणसानेच ती दिली. सूनबाईंच्या समोर येऊन तो म्हणाला, "ताई, द्यावी लागते. माझं कामच ते आहे." सूनबाईंनी मान हलवली.

मित्रांनो, तेव्हापासून मी पुरावा म्हणून नगरपालिकेच्या गोदामात आहे. माझ्या दांड्याला दोरी बांधून चिठ्ठी लावली आहे. इथे ऊन येत नाही, भिंतीला ओल आहे आणि माझ्या खाचा सैल होऊ लागल्या आहेत. शिडी मजबूत राहते ती वापरामुळे आणि देखभालीमुळे. तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर तिला पावसात टाकू नका, आणि कोणी वर चढले असेल तेव्हा खाली गप्पांच्या नादात हात सोडू नका.

आमच्या प्रभागाची मते मोजून झाली आहेत. आकडा पाकिटात बंद आहे. तक्रारीची सुनावणी दोनदा पुढे गेली. मध्यंतरी सूनबाईंनी गोदामाच्या कारकुनाकडे अर्ज दिला होता की ओलीने लाकूड खराब होते आहे, शिडीला जवसाचे तेल लावू द्यावे. कारकुनाने तो वर पाठवला. काल त्या अर्जाला मंजुरी आली आणि आज सकाळी काका आणि सूनबाई चिंधी आणि तेलाची बाटली घेऊन येऊन गेले.

निकालाबद्दल अजून काही कळलेले नाही.