थरथरणारी खोली

आक्कांची खोली सकाळपासून थरथरत होती. भूकंप नव्हता, काही नव्हतं. खोली अजून बांधलीच नव्हती. ती सुनेच्या लॅपटॉपवर होती आणि तिथेही तिला धड उभं राहता येत नव्हतं. दुरून पाहिलं तर शहाण्यासारखी दिसायची. जवळ गेलं की भिंती हुडहुडी भरल्यासारख्या कापायच्या, फरशी मध्येच गडप व्हायची, आणि दार तर भिंतीत बसायचं सोडून भिंतीपुढे लोंबकळायचं, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं.

आक्का स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सुनेला खेटून खुर्ची घालून बसल्या होत्या. जागा भाड्याची. जुनं घर पाडून समोरचा प्लॉट मोकळा केलेला, आणि खिडकीतून तो दात पडलेल्या बोळक्यासारखा दिसायचा. त्या बोळक्यात नवं घर उगवायचं होतं. ठेकेदार दुपारी चुन्याने आखणी करायला येणार होता आणि त्याने आधीच बजावलं होतं, "वहिनी, तुमच्या कॉम्प्युटरमधून मापं निघाली तर उत्तम. नाही निघाली तर माझ्या कागदाप्रमाणे आखतो. माणसं खोळंबून ठेवायला जमणार नाही."

त्याच्या कागदावर आक्कांच्या खोलीच्या जागी गाडी उभी होती. गाडी लेकाची. आणि आक्कांची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला.

जिन्याचं नाव काढलं की आक्कांचे गुडघे पायरी चढायच्या आधीच कुरकुरायला लागत. त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, खोली खाली पाहिजे, रस्त्याच्या अंगाला, मोठ्या खिडकीची. येणारा-जाणारा दिसला पाहिजे. "वर नेऊन ठेवाल तर सामानासारखी पडून राहीन. सामान तोंड उघडत नाही, तेवढाच तुमचा फायदा."

सुनेने ऐकलं होतं आणि खोली खाली काढली होती. ती घरांचे आराखडे करणारी. लोक तिच्याकडे यायचे, एकमेकांशी भांडायचे आणि जाताना घर घेऊन जायचे. तिच्या हाताखालून इतकी घरं गेली होती, पण अशी कापरं भरलेली खोली तिनेही पाहिली नव्हती. भिंतीचं माप घ्यायला कोपरा धरावा तर तो हाती लागेना. लागला तर दर वेळी वेगळंच माप सांगे.

"काय झालंय त्याला?" आक्कांनी विचारलं.

"माहीत नाही अजून."

"माहीत नाही म्हणायला एवढं शिकलीस?"

"हो. न शिकलेले लगेच सांगून मोकळे होतात."

आक्कांना ही सून पहिल्या दिवसापासून याच कारणासाठी आवडायची आणि याच कारणासाठी त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

"यात कुणाचा हात तर नाही ना? गाडीवाल्याचा वगैरे?"

"आक्का, तुमच्या लेकाला साधा फोटो फिरवता येत नाही. तो खोली काय हलवणार?"

"तेही खरंच म्हणा."

सुनेने बाह्या वर केल्या. ती घाई करत नव्हती, हे आक्कांनी बरोबर टिपलं. घाबरलेलं माणूस दहा ठिकाणी हात घालतं. ही एकेका गोष्टीवर काट मारत निघाली होती. "आधी दुखणं कुठे आहे ते बघायचं," ती म्हणाली, "लॅपटॉपमध्ये, प्रोग्राममध्ये की घरात."

लॅपटॉप बंद करून चालू केला. खोली थरथरलीच. चित्र दाखवणारं त्याच्या पोटातलं काय ते नवं करून घेतलं. तरी तेच. मग तिने दुसऱ्याच कुणाचं घर उघडलं, एका दंतवैद्याचं. भिंती अशा ताठ की त्यांच्यावर डोकं आपटावं.

"लॅपटॉप निर्दोष, प्रोग्रामही निर्दोष," सून म्हणाली. "दोष आपल्या घरात आहे."

"आपल्या घरात सहसा दोष नसतो," आक्का म्हणाल्या.

"आज आहे."

तिने घरातलं सामान काढून टाकलं. पलंग गेले, कपाटं गेली, अंगणातली झाडं गेली. ओझं कमी झालं की घर सावरतं म्हणे. आक्कांचं कपाट पुसलं गेलं तेव्हा त्यांना खुर्चीत बसल्याबसल्या चोरी झाल्यासारखं वाटलं.

"ते परत ठेवशील ना?"

"ठेवीन."

"आरसा रस्त्याकडे."

घर सावरलं नाही. ओझं उतरूनही भिंती तशाच लटपटत होत्या. बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. प्लॉटवर चुन्याच्या गोण्या उतरत होत्या. ठेकेदाराची माणसं आली होती, म्हणजे तो मागोमाग येणारच. आक्कांनी खिडकीतून पाहिलं. लेक तिथे आधीच हजर होता, तिपाईवर ते मोजणीचं यंत्र लावून एक डोळा मिटून उभा. लेक मोजणीखात्यातला. कुणाची हद्द कुठे संपते हे सांगण्यात त्याचं आयुष्य चाललेलं, आणि बोटभर चुकलं तरी त्याला जेवण जायचं नाही.

"गाडीसाठी जागा मोजत असेल," आक्का पुटपुटल्या.

सून आता नवी रिकामी फाइल उघडून बसली होती. तिने आक्कांची खोली तेवढी उचलली आणि जशी होती, जिथे होती, तशीच तिथे नेऊन ठेवली. पाहिली तर खोली कापतच होती. मग त्याच फाइलीत तिने मधोमध एक साधी चौकट काढली. चार भिंती, एक दार. त्या भिंती मात्र खडकासारख्या उभ्या.

"ही धड आहे," सून स्वतःशीच बोलली. "ती धड नाही. फाइल एकच. मग?"

"आणि माझी कुठे गेली?" आक्कांनी विचारलं. "ही तर एकच दिसतेय."

सून पुढचं बटण दाबता दाबता थांबली. एका फाइलीत दोन खोल्या होत्या आणि दोन्ही शेजारी शेजारी दिसायला हव्या होत्या. तिने जे काही आहे ते सगळं एकदम दाखव, असं सांगणारं बटण दाबलं.

पडदा रिकामा झाला. आक्कांना वाटलं, आता उरलंसुरलंही गेलं. पण सून पडद्याला नाक लावून बघत होती. एका टोकाला राईएवढा ठिपका होता. पार दुसऱ्या टोकाला आणखी एक. मध्ये नुसतं माळरान.

"सापडलं," सून म्हणाली, आणि खुर्चीला टेकली.

"काय सापडलं? मला तर दोन ढेकूण दिसतात."

"हा ढेकूण म्हणजे मी आत्ता काढलेली चौकट. आणि तो तिकडचा, ती तुमची खोली. या प्रोग्रामला एक शून्य असतं, आक्का. सगळं माप तिथून सुरू होतं. घर त्या शून्याच्या जवळ काढायचं असतं. आपलं घर शून्यापासून मैलोन्‌मैल लांब जाऊन बसलंय."

"मग बसू दे की. जागा आहे ना तिथे?"

"जागा आहे, पण यंत्राची नजर पोचत नाही. त्याला ठरावीकच आकडे लक्षात ठेवता येतात. सगळे आकडे लांबचा पल्ला मोजण्यातच संपले, तर भिंतीची जाडी, दाराची फट, हे बारीकसारीक कशाने मोजणार? अंदाजाने इकडे ठेवतं, अंदाजाने तिकडे. म्हणून ती थरथर."

आक्कांनी जरा विचार केला. "म्हणजे वेशीवर उभं राहून घरातल्या सुईत दोरा ओवायचा."

"अगदी तसंच."

"पण त्याला वेशीवर नेऊन उभं केलं कुणी?"

सुनेने खिडकीकडे पाहिलं. आक्कांनीही पाहिलं. लेक एक डोळा मिटून उभाच होता.

प्लॉटची मापं लेकाने दिली होती. आणि हा लेक कसा, ते आक्कांपेक्षा कुणाला ठाऊक असणार. लहानपणी चप्पल कुठे काढलीस असं विचारलं तर शाळेच्या फाटकापासून सांगायला सुरुवात करायचा. आक्कांनी खिडकी उघडली आणि त्याला अशी हाक मारली की चुन्याच्या गोण्या उतरवणारेही वर बघायला लागले.

लेक आला, हात झटकत. सुनेने पडदा दाखवला. त्याने ठिपके पाहिले आणि छाती फुगवली. "बरोबरच आहे. मी गावाबाहेरच्या सरकारी मोजणीच्या दगडापासून मोजलंय. दगड चुकत नाही."

"दगड चुकत नाही, खोली नाचते," आक्का म्हणाल्या. "इथे चार पावलांवर प्लॉट आहे. तुला मैलोन्‌मैल चालत जायची काय गरज होती? का मधल्या मध्ये आईची खोली घसरून पडली, तर गाडीला जागा होईल?"

लेकाचा चेहरा उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुझी खोली शेजाऱ्याच्या भिंतीला लागून येते, आक्का. ते कसे आहेत तुला माहिती आहे. उद्या त्यांनी हद्दीवरून हरकत घेतली तर सगळ्यात आधी तुझीच भिंत पाडायला लागेल. प्लॉटच्या खुंट्या कुणीही हलवतं. तो दगड कुणी हलवू शकत नाही. म्हणून तिथून मोजलं. एक खोली तरी कुणाच्या बापाला पाडता येऊ नये."

स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. आक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"हे आधी बोलायला तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"तू कधी बोलू देतेस?"

"बरं," आक्का सुनेकडे वळल्या, "याचा दगडही राहिला पाहिजे आणि माझी खोलीही थांबली पाहिजे. जमतं का तुझ्या यंत्राला?"

"यंत्राला नाही, मला जमतं," सून म्हणाली आणि कामाला लागली. दगडापासूनचं अंतर तिने बाजूला टिपून ठेवलं, दिशेसकट, म्हणजे हद्दीचा प्रश्न आला की पुरावा हजर. मग अख्खं घर उचलून ती शून्यापाशी घेऊन आली. येता येता विचारलं, "कुठला कोपरा शून्यावर ठेवू? तुम्हीच सांगा."

"कोपरा कशाला? माझ्या खोलीचा उंबरठा ठेव. घरात येणारा तिथूनच मोजला जाईल."

तिने उंबरठा शून्यावर ठेवला. मग जवळ गेली, आणखी जवळ, पार दाराच्या कडीपर्यंत. भिंत हलली नाही. फरशी जिथल्या तिथे. दार भिंतीत मुकाट्याने बसलेलं, पाहुणा घरचा झाल्यासारखं. सुनेने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप ओढलं आणि यंत्राने एका दमात सांगितलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच सांगितलं. मग तिने कपाट परत ठेवलं. आरसा रस्त्याकडे.

ठेकेदार आला तेव्हा मापांचे छापील कागद टेबलावर तयार होते. त्याने ते उलटसुलट पाहिले, स्वतःचा चुरगळलेला कागद खिशातून काढला, दोन्ही शेजारी धरले.

"मग गाडी कुठे?"

"गाडीचे गुडघे दुखतात का?" आक्कांनी विचारलं.

ठेकेदाराने लेकाकडे पाहिलं. लेक नळ घट्ट करायला गेला होता. ठेकेदाराने आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. "बरं. आखणी कुठून सुरू करायची?"

सगळे प्लॉटवर गेले. आक्का शेवटी, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, पण पुढे बघत. लेकाने तिपाई लावली, दगडापासूनचा हिशेब जुळवला, एक डोळा मिटला आणि आपल्या आईला हाताने खुणावायला लागला. डावीकडे. अजून. जरा मागे. आयुष्यात पहिल्यांदा आक्का कुणाच्या सांगण्याने इकडून तिकडे सरकत होत्या, आणि गोण्यांवर बसलेली माणसं टक लावून बघत होती.

"बास," लेक म्हणाला. "तिथेच. तोच तुझा उंबरठा."

ठेकेदार खुंटी आणि हातोडा घेऊन आला, आक्कांच्या चपलांशी वाकला आणि थांबला. "जरा बाजूला होता का, आक्का?"

"खुंटी पायाशी ठोक," आक्का म्हणाल्या. "सकाळपासून हललं तेवढं पुरे झालं."