लांबची ओढ

टण्णकन चमचा पडला आणि दुपारची शांतता मोडली. आमची पिटुकली लेक झोपेतून उठली होती.

"घे, तुझ्या गुरुत्वाकर्षणाचा पुरावा पडला!" नवरा हसत मला म्हणाला.

आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या कडेचे तारे हवे त्याहून जोरात फिरतात, तरी निसटत नाहीत. बहुतेक जण म्हणतात, तिथं न दिसणारं द्रव्य दडलंय. मी म्हणते, गुरुत्वाकर्षणाचा नियमच दुरुस्त करायला हवा. हेच परिषदेत मांडायला मी उद्या परगावी निघणार होते, लेकीला पहिल्यांदाच सोडून.

"तुझी आई ना, एक मोजा सापडला नाही तर शोधायची नाही," नवरा तिला म्हणाला. "सरळ सांगेल, माणसाला पाय एकच असतो!"

"बाबा, गप रे!" ती माझ्या मांडीत शिरली. "आई, तुझा नियम सांग."

"लांब गेलं की ओढ कमी होते गं, पण लोकांना वाटते तितकी नाही."

तिनं चमचा मुद्दाम पुन्हा पाडला. मग दाराशी ठेवलेल्या माझ्या बॅगेकडे पाहत राहिली.

"मग उद्या जास्त ओढ कुणाला लागेल? तुला की मला?"